कोल्हापुरात पीएच.डी., कॅन्सरच्या स्कॅनवर पोस्टडॉक: वाट कशी आखाल?

व्हायवा झाला, नोटिफिकेशन निघालं, डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटून झाले की पुढच्याच आठवड्यात तेच प्रश्न सुरू होतात. कुणी शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र, नॅनोविज्ञान, गणित किंवा संख्याशास्त्रात संशोधन केलेलं असतं. कुणी डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात चुंबकीय नॅनोकणांवर काम केलेलं असतं, तर कुणी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता इमेज प्रोसेसिंगमध्ये डॉक्टरेट मिळवलेली असते. सगळ्यांचं म्हणणं साधारण असं: 'कॅन्सरच्या इमेजिंगमध्ये किंवा गाठीच्या वाढीच्या मॉडेलिंगमध्ये पोस्टडॉक करायचंय. पण मी डॉक्टर नाही, बायॉलॉजी बारावीलाच सुटलं. मला कोण घेणार?'

घेतात. हे क्षेत्रच भौतिकशास्त्रज्ञ, गणिती, संगणकवाले आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून चालवलेलं आहे. डॉक्टर नसणं ही इथली अडचण नाही. अडचण होते ती उलट्या क्रमाने निर्णय घेतल्यामुळे. आपल्याकडे आधी देश ठरतो, मग फेलोशिपची जाहिरात शोधली जाते, मग मिळेल ती लॅब आणि शेवटी प्रश्न. तुम्ही आधी प्रश्न ठरवा, मग तो प्रश्न ज्या लॅबमध्ये खरोखर सुटू शकेल ती लॅब शोधा. फेलोशिप आणि देश त्यानंतर.

तुमच्या पीएच.डी.ला लागून असलेलं दार

संपूर्ण विषय बदलायची गरज नसते. तुमच्याकडे आत्ता जे कौशल्य आहे, त्याच्या शेजारचं दार आधी ठोठवा.

नॅनोकण बनवणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण कोल्हापूरची खरी ताकद इथे आहे. लोह-ऑक्साइडचे चुंबकीय कण हायपरथर्मियासाठी, म्हणजे गाठ आतून तापवण्यासाठी, तपासणारे कितीतरी प्रबंध इथे झाले. हेच कण एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट म्हणून चालतात, आणि मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग (एमपीआय) या तंत्रात तर तेच ट्रेसर असतात. हॅम्बुर्गच्या फिलिप्स प्रयोगशाळेतल्या ग्लाइश आणि वाइझेनेकर यांनी २००५ साली 'नेचर'मध्ये एमपीआयची कल्पना मांडली. आज हॅम्बुर्ग-एपेनडॉर्फ, ल्युबेक, वुर्ट्झबर्ग, बर्कली आणि फ्लोरिडा विद्यापीठात या विषयाचे गट आहेत. त्यांना चांगले कण बनवणारी माणसं हवी असतात.

मग आपले अर्ज का मागे पडतात? आपल्या पेपरांत एक्सआरडी, टीईएम, व्हीएसएम सगळं असतं, पण ते बहुतेक पावडरवर. इमेजिंगवाल्याला पाहायचं असतं ते वेगळंच: कण सीरममध्ये टाकल्यावर गोळा होतात का, आठवडाभराने आकार तोच राहतो का, बदलत्या चुंबकीय क्षेत्राला ते द्रवात किती चपळाईने प्रतिसाद देतात, एमआरआयमध्ये त्यांची रिलॅक्सिव्हिटी किती येते. यातला एखादा प्रयोग पीएच.डी. संपण्यापूर्वी करून घ्या. रिलॅक्सिव्हिटीसाठी शहरातल्या एखाद्या एमआरआय सेंटरशी विभागामार्फत रीतसर बोलणी करता येतात. नळ्यांमधले नमुने स्कॅन करायचे असतात, तिथे रुग्णाचा प्रश्न येत नाही.

गणितवाल्यांना रिअॅक्शन-डिफ्यूजन समीकरणं, संख्यात्मक पद्धती आणि इन्व्हर्स प्रॉब्लेम यांवर दार उघडतं. मेयो क्लिनिकच्या अॅरिझोना शाखेतला क्रिस्टिन स्वॉन्सन यांचा गट मेंदूच्या गाठींवर, टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या ओडन इन्स्टिट्यूटमधला थॉमस यँकिलॉव्ह यांचा गट एमआरआयवर आधारित भाकितांवर काम करतो. फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये तर गणिती ऑन्कॉलॉजीचा स्वतंत्र विभागच आहे. प्रबंध निव्वळ स्थिर बिंदूंच्या सिद्धांतावर असेल, तर मात्र आधी वर्षभर कोडिंगला द्यावं लागेल, हे स्पष्टच सांगतो.

संख्याशास्त्रज्ञांनी सर्व्हायव्हल अॅनालिसिस आणि एकाच रुग्णाच्या वारंवार घेतलेल्या मोजमापांची मॉडेल पुढे करावीत. या कौशल्याला मागणी आहे आणि अर्जदार कमी.

संगणकवाल्यांसाठी सावधगिरीची सूचना. 'डीप लर्निंग वापरून गाठ ओळखणे' या एका वाक्यावर जगभरातून अर्ज येतात. गाठीची कड आखणाऱ्या कोडच्या पुढे जाऊन ती गाठ पुढच्या स्कॅनमध्ये कुठे असेल, किंवा रेडिएशनला कशी प्रतिसाद देईल, इथपर्यंत तुमचा प्रश्न पोहोचला पाहिजे.

लॅबला विचारायचा पहिला प्रश्न: डेटा आहे का?

पगाराआधी हे विचारा. कारण समजण्यापुरतं थोडं गणित.

ग्लायोमा या मेंदूच्या गाठीसाठी वापरल्या जाणाऱ्या सर्वांत साध्या मॉडेलमध्ये दोन आकडे असतात: पेशी किती वेगाने पसरतात आणि किती वेगाने वाढतात. दोन वेगवेगळ्या तारखांचे स्कॅन असले तर गाठीची कड किती सरकली ते कळतं, पण त्यातून या दोन आकड्यांचा गुणाकारच हाती येतो. ते वेगळे करायला एकाच वेळचे दोन प्रकारचे स्कॅन लागतात: कॉन्ट्रास्ट दिलेला टी-१ आणि टी-२. दोघांत दिसणाऱ्या सीमांमधल्या अंतरावरून गुणोत्तराचा अंदाज बांधता येतो. आता अडचण बघा. गाठ सापडल्यावर रुग्णाला कुणी मॉडेलसाठी थांबवून ठेवत नाही. उपचारापूर्वी बहुतेकांचा एकच स्कॅन झालेला असतो. त्यामुळे 'आमच्याकडे हजारो स्कॅन आहेत' या वाक्याला फारसा अर्थ नाही. म्हणून विचारा:

- उपचारापूर्वी एकाहून जास्त वेळा स्कॅन झालेले रुग्ण किती?
- स्कॅन एकाच प्रोटोकॉलने घेतलेले आहेत की वेगवेगळ्या मशीनवरचे?
- गाठीची कड कोण आखतं? रेडिओलॉजिस्ट गटात आहे की 'मदत करतो म्हणालाय'?
- एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आहे की अर्ज करायचा आहे? अर्ज करायचा असेल, तर पहिल्या वर्षातले कित्येक महिने त्यातच जातील असं धरून चाला.
- मॉडेल बरोबर आलं हे कशावरून ठरवणार? बायॉप्सी, पुढचा स्कॅन, की काहीच नाही?
- उंदरांवर काम असेल तर छोट्या प्राण्यांचा एमआरआय कॅम्पसवर आहे का, आणि आठवड्यातून किती तास मिळतो?

यातल्या दोन-तीन प्रश्नांना नीट उत्तर मिळालं नाही, तर लॅबचं नाव कितीही मोठं असलं तरी दोनदा विचार करा. उलट, तुम्ही हे प्रश्न विचारलेत यावरूनच तुमची तयारी समोरच्याला कळते.

अर्जाआधी हातात काय असावं

रुग्णालयाच्या दारात न जाता सराव करता येतो. 'द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह'वर नाव काढून टाकलेले स्कॅन मोफत मिळतात. फुप्फुसातल्या गाठींचा एलआयडीसी-आयडीआरआय हा १०१८ सीटी स्कॅनचा संच तिथेच आहे. मेंदूच्या गाठींसाठी २०१२ पासून चालू असलेल्या ब्रॅट्स स्पर्धेचा डेटा मिळतो. स्कॅन पाहायला आणि कड आखायला थ्रीडी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप, पेशींच्या पातळीवरच्या मॉडेलला फिजिसेल किंवा कॉम्प्युसेल-थ्रीडी, समीकरणांसाठी फेनिक्स. सगळी मोफत. लॅपटॉप कमी पडला तर निदान कोड तरी स्वच्छ लिहून ठेवा. मोठ्या संगणकावर वेळ मिळण्याची सोय पुढे लॅबमार्फत होते.

एकच छोटं काम पूर्ण करा: एका सार्वजनिक संचावर एक मॉडेल, कोड उघड्यावर ठेवलेला, आणि दोन पानांत लिहिलेलं 'कुठे चुकतं आणि का'. चौथ्या-पाचव्या दर्जाच्या जर्नलमध्ये पैसे भरून छापलेल्या पेपरपेक्षा याला जास्त वजन आहे. यूजीसीने केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे म्हणून चांगलं' हा आधारही आता उरलेला नाही.

देशात राहायचं असेल तर

घरची जबाबदारी, आईवडिलांचं वय, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी, कारण काहीही असो; देशात राहणं म्हणजे दुय्यम पर्याय हे डोक्यातून काढा. रुग्णांची संख्या आणि डॉक्टरांशी थेट बोलणं या दोन गोष्टींत परदेशातल्या अनेक लॅब आपल्या मागे आहेत.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून मुंबईत आहे आणि त्याचं संशोधन केंद्र, अॅक्ट्रेक, खारघरला. तिथल्या प्रकल्पांवरच्या रिसर्च असोसिएटच्या जागा अनेकदा वॉक-इन इंटरव्ह्यूने भरतात, म्हणून वेबसाइटवर नियमित नजर हवी. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनीअरिंग विभाग आणि कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ आहे. पुण्यात आयसर आणि एनसीसीएस. कोल्हापूरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबईत. अर्ज करण्याआधी एक दिवस जाऊन गटातल्या मुलांशी चहावर बोलून या. ई-मेलमधून जे कळत नाही ते तिथे कळतं.

पैशांचे मार्ग:

- एएनआरएफची नॅशनल पोस्ट-डॉक्टोरल फेलोशिप. पूर्वी एसईआरबीची. कालावधी २ वर्षं. वयोमर्यादा ३५, महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ वर्षांची सवलत. मेंटॉरची संमती आधी हवी. जुन्या गाईडना मेंटॉर करायचा विचार सोडा.
- सीएसआयआर, डीबीटी, आयसीएमआर. या तिन्हींकडे पोस्टडॉक किंवा असोसिएटशिपच्या योजना आहेत. आयसीएमआरची स्वतःच्या संस्थांपुरती.
- प्रकल्पावरची रिसर्च असोसिएट जागा. १ जानेवारी २०२३ पासूनचे केंद्राचे दर: पहिली पायरी ५८,०००, दुसरी ६१,०००, तिसरी ६७,००० रुपये महिना, अधिक एचआरए. जाहिरातीत यापेक्षा कमी आकडा दिसला तर प्रकल्पाचा निधी कुणाचा आहे ते विचारा.
- इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप. ५ वर्षांची, स्पर्धा तीव्र. पहिल्या प्रयत्नात मिळेल असं धरून घर भाड्याने घेऊ नका.
- घर-संसारामुळे खंड पडलेल्या महिलांसाठी डीएसटीची वाइज-पीडीएफ आणि डीबीटीची बायोकेअर.

एक गैरसमज वारंवार दिसतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहे, पोस्टडॉकसाठी नाही. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या संशोधन फेलोशिपही पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहेत. त्या जाहिरातींवर वेळ घालवू नका.

परदेश: घड्याळ पदवीच्या तारखेपासून चालतं

इथे बहुतेक जण वय मोजतात, पण बहुतेक फेलोशिप पीएच.डी. मिळाल्यापासूनची वर्षं मोजतात. दोन वर्षं इकडेतिकडे तासिका तत्त्वावर शिकवण्यात गेली की काही दारं आपोआप बंद होतात.

- एम्बो: पीएच.डी.नंतर २ वर्षांच्या आत. फर्स्ट ऑथर पेपर लागतो.
- हुम्बोल्ट (जर्मनी): ४ वर्षांच्या आत. अर्ज वर्षभर कधीही.
- फुलब्राइट-नेहरू (अमेरिका): ४ वर्षांच्या आत.
- जेएसपीएस (जपान): ६ वर्षांच्या आत.
- मारी क्युरी (युरोप): ८ वर्षांपर्यंत; पण यजमान देशात आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. अंतिम तारीख सहसा सप्टेंबरात.
- एचएफएसपीची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप: भौतिकशास्त्र, गणित, रसायन, इंजिनीअरिंगमधून जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठीच बनवलेली. मी तुमच्या जागी असतो तर ही जाहिरात सर्वांत आधी उघडली असती.

प्रत्येक योजनेत 'पदवी मिळाल्याची तारीख' कोणती धरतात ते वाचा. आपल्याकडे व्हायवा, नोटिफिकेशन आणि दीक्षान्त समारंभ यांच्यात महिन्यांचं अंतर असतं. नोटिफिकेशनची प्रत आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लगेच काढून ठेवा.

फेलोशिपशिवाय थेट लॅबच्या निधीतून होणाऱ्या नेमणुकाही पुष्कळ असतात. अमेरिकेत एनआयएचने २०२४ साठी पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकला ६१,००८ डॉलर असा दर ठरवला होता. ऑफर तपासताना हा दर तुलनेला ठेवा, आणि बोस्टनचं घरभाडं व ऑस्टिनचं घरभाडं एक नाही हेही. जे-१ व्हिसावर गेल्यास दोन वर्षं परत यावंच लागतं, ही भीती जुनी आहे. ९ डिसेंबर २०२४ पासून ही अट ज्या कौशल्यांच्या यादीमुळे लागते, तिच्यातून भारत वगळला गेला. सरकारी पैशावर, उदाहरणार्थ फुलब्राइटवर, गेलात तर मात्र ती अट लागू राहते.

पहिला ई-मेल

'रिस्पेक्टेड सर, आय अॅम हार्डवर्किंग' हे शंभर जणांना एकदम पाठवलेलं पत्र उघडलं तरी वाचलं जात नाही. दहा ओळी पुरे:

१. तुम्ही कोण, पीएच.डी. कुठे, कधी.
२. त्यांचा कुठला पेपर वाचलात आणि त्यातली कोणती गोष्ट तुम्हाला खटकली किंवा अपुरी वाटली.
३. त्यावर तुम्ही काय करू शकाल. इथे तुमच्या त्या छोट्या कामाची लिंक.
४. कोणत्या फेलोशिपला त्यांच्या लॅबमधून अर्ज करायचा विचार आहे, शेवटची तारीख कोणती.

चौथी ओळ महत्त्वाची. स्वतःचा पगार आणू पाहणाऱ्या माणसाला उत्तर यायची शक्यता वाढते. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. मग पुढची लॅब.

शिफारसपत्रांचं एक आपल्याकडचं दुखणं आहे: 'तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.' आणायला लागलंच तर तिन्ही पत्रं एकाच भाषेत लिहू नका, परीक्षकाला ते लगेच कळतं. त्यापेक्षा गाईडना तुमच्या कामातले दोन ठोस प्रसंग लिहून द्या आणि पत्र त्यांनाच लिहू द्या. शक्य असेल तर एक पत्र विद्यापीठाबाहेरच्या सहलेखकाचं असावं.

कोल्हापूरच्या रुग्णांचे स्कॅन वापरायचे असतील तर

सीपीआर रुग्णालयात किंवा शहरातल्या कॅन्सर सेंटरमध्ये ओळख आहे म्हणून पेन ड्राइव्हवर स्कॅन घेऊन जाणं हा थेट गुन्ह्याच्या जवळ जाणारा मार्ग आहे. कृपया करू नका.

- स्कॅनच्या फाइलमध्ये, म्हणजे डायकॉम हेडरमध्ये, रुग्णाचं नाव, जन्मतारीख, रुग्णालय क्रमांक असतो. फाइलचं नाव बदललं म्हणून तो जात नाही.
- डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा पुन्हा तयार करता येतो. चेहरा काढणारं सॉफ्टवेअर वापरल्याशिवाय ती फाइल निनावी झाली असं मानू नका.
- संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं जुन्या स्कॅनवरच्या अभ्यासालाही लागू होतात. संमतीतून सूट हवी असेल तर ती कमिटीच देते.
- परदेशी लॅबशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते. याला वेळ लागतो, म्हणून फेलोशिपच्या वेळापत्रकात तो धरा.

ऑफर आल्यावर

तोंडी शब्दावर गाव सोडू नका. लेखी पत्रात कालावधी, रक्कम, रजा, विमा आणि मुदतवाढ कोण व कशावरून ठरवतो, हे असलं पाहिजे. नेमणुकीसाठी 'प्रोसेसिंग फी' मागणारी ऑफर खोटी असते, याला अपवाद नाही.

मिळवून घ्यायच्या गोष्टी:

- लेखकाचं नाव. पहिल्या महिन्यातच बोला. वैद्यकीय जर्नल आयसीएमजेईचे निकष मानतात: कामात ठोस वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि जबाबदारी, चारही. नुसता निधी आणणं त्यात बसत नाही. उलट, कडा आखणारा रेडिओलॉजिस्ट बसू शकतो, त्याला विसरू नका.
- मातृत्व रजा. केंद्राच्या निधीवरच्या महिला रिसर्च असोसिएटना ती आहे. 'प्रकल्पावरच्यांना नसते' असं सांगितलं तर निधी देणाऱ्या संस्थेचा आदेश दाखवा.
- अंतर्गत तक्रार समिती. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा कायम नोकरीपुरता नाही; फेलोलाही तिथे तक्रार करता येते.
- कोड आणि डेटा. लॅब सोडताना काय नेता येईल ते आधी लेखी ठरवा. रुग्णांचा डेटा नेता येत नाही. तुम्ही लिहिलेल्या कोडचं काय, ते संस्थेगणिक बदलतं.

करात फेलोशिप पूर्ण माफ असते असं गृहीत धरू नका. नेमणूकपत्राचे शब्द बघून सीए काय सांगतात ते ऐका.

परत येऊन शिकवायचं असेल तर

कोल्हापूर-सांगलीत प्राध्यापक व्हायचं असणाऱ्यांना 'पोस्टडॉकची वर्षं वाया जातील का' ही धास्ती असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या शॉर्टलिस्टसाठी जो गुणतक्ता आहे, त्यात अध्यापन किंवा पोस्टडॉकच्या दर वर्षाला २, जास्तीत जास्त १० गुण आहेत. अपुऱ्या वर्षाचे गुण त्या प्रमाणात मिळतात. राज्याचे भरतीचे निकष मधूनमधून बदलतात, म्हणून प्रत्येक जाहिरातीचा तक्ता वेगळा वाचा.

हे गुण मिळतात ते कागदावर. लॅब सोडायच्या आधीच संस्थेच्या लेटरहेडवर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदाचं नाव, निधी देणारी संस्था आणि पूर्णवेळ काम असल्याचा उल्लेख असलेलं प्रमाणपत्र घ्या. नुसती पीआयची सही पुरत नाही, एचआर किंवा रजिस्ट्रारचा शिक्का हवा. दोन वर्षांनी ते मागायला गेलात तर पीआयनी कदाचित संस्थाच बदललेली असेल.